डूम्ड म्हणजे काय गो, बाय?

भाद्रपद सरत आला, की तोंडवलीच्या किनाऱ्यावरचं ऊन पितळेसारखं लख्ख होतं, आणि मांगराचं दार उघडताच पावसाळाभर कोंडलेल्या जाळ्याचा वास अंगावर धावून येतो: मीठ, ओला काथ्या आणि कुठल्या तरी जुन्या माशाची चिकट आठवण. परक्याला ती दुर्गंधी वाटेल. मला त्या वासानं अजून भूक लागते. हा मांगर, म्हणजे जाळं ठेवायची कौलारू खोप, आमच्या घरच्या जागेत उभा आहे आणि आतली रापण मात्र साऱ्या वाडीची आहे. होडीनं समुद्रात अर्धवर्तुळात सोडलेलं ते लांबलचक जाळं, दोन्ही टोकांचे दोर धरून, वाडीनं मिळून किनाऱ्यावर ओढायचं. ज्याचा हात दोराला लागला त्याला मासळीचा वाटा, मग तो वाटसरू का असेना.

यांत्रिक बोटी आल्या आणि रापण मांगरातच पडून राहू लागली. यंदा ती पुन्हा समुद्रात घालायची, हा हट्ट माझ्या धाकट्या भावाचा, विलासचा. गोव्यातल्या हॉटेलातली नोकरी सोडून तो चतुर्थीआधी घरी आला आणि दारोदार फिरला. "ताये, एकदा परत घालूया गो. वाडी एक जातली," असं तो म्हणाला तेव्हा मला भरून आलं होतं. आता लिहिताना स्वतःचाच राग येतो. शाळेत इंग्रजी शिकवण्यात जन्म गेला, पोरांचा खोटेपणा मी नाकावरच्या माशीसारखा ओळखते, आणि घरातला ओळखता येऊ नये!

रापण घालायच्या सकाळी भाऊकाकांनी, वाडीतल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसानं, वाळूत नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरां ह्या दोराक हात लावतत. तेंका यश दी म्हाराजा!" आणि आम्ही सगळे एका घशानं, "व्हय म्हाराजा!" त्यात विलासचा आवाज सर्वांत मोठा. आमच्याकडे माणूस कोर्टात खोटं बोलेल, बायकोशी तर रोजच बोलेल, पण गाऱ्हाण्यातला 'व्हय' खोटा नसतो, अशी आमची भाबडी समजूत आहे. त्या समजुतीवरच आम्ही एकमेकांना उभं आयुष्य उधार देत आलो.

होडी जाळं सोडून परतली, दोर हाती आले, आणि विलासचा फोन वाजला. एका हातानं दोर धरून तो सगळ्यांच्या मधोमध उभ्या उभ्या इंग्रजीत बोलू लागला. पलीकडे रिसॉर्ट बांधू पाहणारा कुणी होता. जागेची काळजी नको, विलास त्याला सांगत होता. रापण डूम्ड आहे, एकदोनदा रिकामी आली की लोक आपणहून नाद सोडतील, मग मांगर पाडायला कुणी आड येणार नाही. डूम्ड, डूम्ड, दोनदा म्हणाला. किती सफाईदार उच्चार! माझ्याच ओसरीवर, माझ्याच छडीच्या धाकानं घोटलेला. इंग्रजी ही आमच्या दोघांची घरातली मिरास होती, आणि माझ्यादेखत त्यानं तिची भिंत केली. मी ऐकते आहे हे तो विसरला, की मी गप्प राहीन हे धरून चालला? यातलं दुसरं मला अधिक झोंबलं.

वर्गात या शब्दाचा अर्थ मी फळ्यावर लिहीत आले आहे: ज्याचं अपयश अटळ आहे असा. जहाज, मोहीम, प्रेम, असल्या नामांच्या आधी लावायचा. मुळात डूम म्हणजे निवाडा, हे मात्र कधी मुलांना सांगितलं नाही. परीक्षेला येत नाही ना. निवाडा आला म्हणजे तो देणारा कुणी तरी आला. अटळ अटळ म्हणत आपण सगळं दैवाच्या माथी मारतो आणि देणारा खुशाल शेजारी उभा असतो, आपल्या खांद्याला खांदा घासत.

"बाय," भाऊकाकांनी दोर ओढता ओढता विचारलं, "ता डूम्ड म्हणजे काय गो?"

विलासनं माझ्याकडे पाहिलं. लहानपणी खोडी उघडी पडली की आईपुढे माझ्या तोंडाकडे पाहायचा, अगदी तसंच.

"तो म्हणता, ही रापण मराचीच आसा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "मांगर पाडून जागो दुसऱ्याक देवचो आसा तेका. म्हणून ही रिकामी येवक व्हयी."

कुणी दोर सोडला नाही. अर्ध्यावर दोर सोडला तर जाळं तिरकं होतं, एवढंच कारण असेल. विलासनंही सोडला नाही. मान खाली घालून, टाचा वाळूत रोवून तो ओढत राहिला, आणि मेल्याच्या अंगातली ती ताकद पाहून माझा संताप दुप्पट झाला. असं ओढता येत होतं तर!

जाळं काठाला आलं. पेडवे आणि थोडे बांगडे, उन्हात तडफडणारी चांदी. फार नव्हे, पण रिकामं नाही. भाऊकाकांनी केळीच्या पानांवर वाटे मांडले आणि त्यातला एक विलाससमोर सरकवला.

"माका नको, काका."

"नको कसो? हात लावलंस मां दोराक? मगे ह्यो तुझो वाटो." आवाजात माया नव्हती, रागही नव्हता. रीत होती फक्त.

विलास वाटा तिथंच ठेवून सुरूंच्या बनाकडे निघून गेला. कावळे उतरू लागले तेव्हा मी त्याचा आणि माझा, दोन्ही वाटे उचलून घरी आणले, साफ केले, एकाच कालवणात शिजवले. सांजेला तो परसदारी येऊन उभा राहिला. "ताये," एवढंच म्हणाला. मी चुलीशी होते. रापणीनं त्याच्यावर निवाडा केला नव्हता; तो मी सकाळीच करून मोकळी झाले होते, आमच्या नात्याच्या आधी 'डूम्ड' लावून. कालवण उकळत होतं. ताट एक घ्यावं की दोन, मला कळेना.