वहिनीने घरात आणलेली माता

मला राग येतो. लवकर येतो, जोरात येतो, आणि तिरोड्याच्या शाळेत मी विज्ञान शिकवायला वर्गात शिरले की पोरं चिडीचूप होतात. पण गेल्या वर्षीचा राग अजून उतरलेला नाही, आणि तो उतरावा असं मलाही वाटत नाही.

माझ्या मोठ्या भावाच्या गालात गाठ झाली. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन झाली, दुसरं काय! सांगून सांगून माझी जीभ झिजली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, आधी किमोच्या तीन सलाईन देऊ, गाठ लहान झाली की कापून काढू. लहान झाली तरच. दोन सलाईन झाल्या, आणि गाठ खरंच उतरायला लागली होती. भाऊ पुन्हा मऊ भात गिळायला लागला होता.

अशात कुणा रिकामटेकड्याने वहिनीच्या मोबाइलवर व्हिडिओ पाठवला. मागे ढणाढणा संगीत, आणि एक बाई किंचाळतेय, कॅन्सर खाणारा व्हायरस सापडला! असले व्हिडिओ बनवणाऱ्यांना आठ दिवस चिखलात रोवणीला जुंपलं पाहिजे. मी सौंदडजवळच्या आमच्या गावी गेले तेव्हा वहिनीने तो मला दाखवला. "बाई, हे खरं हाये का?"

तिथे गप्प बसायचं ना! पण नाही, मास्तरीण पडले मी. खाटेवर मांडी घालून धडा सुरू केला. म्हटलं, अगदीच थाप नाही. परदेशात कातडीच्या एका कॅन्सरवर असं औषध वापरतात. तापानंतर ओठावर फोड येतात ना, त्याचा विषाणू घेतात. माता येते, म्हणजे कांजिण्या, तो विषाणूही त्याच कुळातला. तो गाठीत शिरून गाठीच्या पेशी फोडतो, चांगल्या पेशींना फारसा हात लावत नाही. भाताच्या बांधीत तणनाशक मारल्यावर तण जळतं आणि धान राहतं, तसंच.

वहिनी कान देऊन ऐकत होती. माझ्या वर्गात इतकं कुणी ऐकत नाही. "कुठं भेटते थे?" तिने विचारलं.

"आपल्याकडे कुठलं मिळायला!" मी हसले.

तो विषाणू आधी प्रयोगशाळेत बदलतात, त्याची मारक ताकद काढून घेतात, मग डॉक्टर तो थेट गाठीत टोचतात, हे सांगायचं राहिलं. राहिलं कसलं डोंबलाचं! चहा आला आणि मी चहा प्यायले.

थोड्याच दिवसांत शेजारच्या मुलीला माता आली. दाराला कडुनिंबाचा डहाळा, घरात फोडणी बंद, बाहेरच्याने आत पाऊल टाकायचं नाही. आमच्याकडे हे कुणाला शिकवावं लागत नाही. वहिनी मात्र चार दिवस संध्याकाळी भावाला घेऊन त्या घरात गेली. त्याला मुलीच्या खाटेशी बसवलं, तिचं उष्टं खाऊ घातलं. शेजारणीला काय पटवलं देव जाणे. त्याआधी माझ्या आईला विचारून खात्रीही करून घेतली होती, की लहानपणी त्याला माता आली नव्हती.

किमोने त्याच्या अंगात प्रतिकाराची ताकद उरली नव्हती. अंगभर फोड उठले, छाती भरली, नागपूरला नेईपर्यंत धाप लागली. माता लागली कुठून, असं डॉक्टरांनी विचारल्यावर वहिनीने न घाबरता सगळं सांगितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दवाखान्याच्या व्हरांड्यात, सगळ्यांदेखत, मी तिच्यावर ओरडले. "अक्कल गहाण टाकली का? काऊन नेलं त्याला तिथं?"

"तुमीच त सांगतलं ना बाई, माता बी त्याच कुळातली मनून," ती म्हणाली. "इथं औषध भेटत नाही. माता त बाजूलेच होती."

मी आणखी मोठ्याने ओरडले.

त्यातून भाऊ वाचला. पण तिसरी सलाईन दीड महिना लांबली, आणि तेवढ्यात गाठ जबड्याच्या पार मागे गेली. आता कापता येणार नाही, डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर भावाने मला जवळ बोलावलं. तोंड उघडत नव्हतं, एकेक शब्द काढायला वेळ लागत होता. "तिले नको बोलू. मले समजत होतं कायले नेऊन राहिली. तू सांगतलं त खरंच असंल मनून गेलो."

पोळ्याच्या आधी तो गेला.

तेरवीला पंगत बसली होती. वहिनी भात वाढत होती. नात्यातल्या एका बाईने तिला ऐकू जाईल असं म्हटलं, "हिनंच त नवऱ्याले मातेच्या घरात नेऊन मारलं." वहिनी थांबली. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या पानावर भात वाढला.

मी ताडकन उठले. माझा राग सगळ्यांना ठाऊक, सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी तोंड उघडलं.

"वरण संपलं," मी म्हटलं, "आणते." आणि आत गेले.