फुकटचं ऑफिस आणि वरच्या मजल्यावरची जाऊ

मोठ्या काकूला कुणाचा हेवा वाटला की ती त्या माणसाचं कौतुक करायला लागते. “छान हो, छानच!” असं नाकातून आलं की समजायचं, आत कुकर लागलाय. वरच्या मजल्यावर धाकट्या काकूकडे नवा लॅपटॉप आला, तेव्हा ती इतक्यांदा ‘छान’ म्हणाली की शेवटी धाकटीच घाबरली. “वहिनी, परत करू का?”

मोठी काकू खालच्या खोलीत टायपिंगची कामं घेते. तिचा कॉम्प्युटर जाडजूड, दिवसभर घरघरणारा आणि त्यातली विंडोज इतकी म्हातारी, की बनवणाऱ्यांनीसुद्धा तिची विचारपूस सोडलीय. पण काकूचा मराठी फॉन्ट फक्त तिथेच चालतो आणि बोटांना कीबोर्डच्या कळा पाठ झाल्यात त्या त्याच फॉन्टच्या. “विंडोज बदलली तर मी मुकी होईन,” ती म्हणते. मुकी! काकू! घरात कुणीही दुजोरा दिला नाही.

क्लासच्या सरांचे गणिताचे पेपर कायम तीच टाइप करायची. सर प्रत्येक वाक्याला ‘काय?’चं शेपूट लावतात. यंदा त्यांच्या फाइली नव्या पद्धतीच्या यायला लागल्या आणि काकूच्या जुन्या ऑफिसमध्ये, म्हणजे टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडल्या की नुसत्या चौकटीच चौकटी.

“वरच्या वहिनींकडे फाइल झटकन उघडली हो. काय?” सर दारातूनच म्हणाले. “शनिवारपर्यंत सराव परीक्षेचा पेपर द्या. काय? जमलं तर वर्षभराचं काम तुमचंच. नाही जमलं तर मग... वरती. काय?”

वरती! काकूच्या कानशिलापर्यंत लाली चढली. काम गेलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण जिन्याने वर गेलं असतं!

मोठ्या काकांनी त्यांच्या कचेरीतून पेनड्राइव्हवर चार फुकटची ऑफिसं उतरवून आणली. “जे चालेल ते घे आणि मोकळी हो.”

पहिलं सगळ्यात नवं. त्याने आत येण्याआधीच सांगितलं, या विंडोजवर मी चालणार नाही. काकू छताकडे बघत म्हणाली, “तिच्याकडे चालेल बरं!”

दुसरं अगदी चिमुकलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडलं, फाइलही उघडली. पण अपूर्णांकांच्या रेघा त्याने गिळून टाकल्या. तीन चतुर्थांशाचे झाले चौतीस. पाऊण किलो साखर आणायला निघालेला गणितातला माणूस चौतीस किलो घेऊन घरी आला.

तिसरं उघडलं आणि काकूचा चेहरा उजळला. वरच्या लॅपटॉपवर असते तश्शीच बटणांची रुंद पट्टी! तिने फाइलसुद्धा उघडून बघितली नाही, जिन्याखाली जाऊन आधी हाक मारली, “अगं, जरा खाली ये गं, सहजच!”

धाकटी आली. “अय्या वहिनी, सेम टू सेम!”

झालं. चौथं बघायची गरजच उरली नाही. फरक एवढाच, की हे जड ऑफिस त्या म्हाताऱ्या विंडोजच्या पाठीवर बसलं होतं. ‘क’ दाबावा, पाणी पिऊन यावं, तोवर ‘क’ उमटलेला असायचा. काकू हट्टाने बसून राहिली. शुक्रवारी अर्धा पेपर झाला आणि कॉम्प्युटरचा पडदा गोठला. पेपर गेला.

“तुला ऑफिस हवंय,” काका म्हणाले, “की तिचं तोंड बघायचंय?”

“दोन्ही!”

पण मग तिने चौथं काढलं. पहिल्याचीच जुनी आवृत्ती, रंग राखाडी, दिसायला सरकारी कचेरी. फाइल नीट उघडली, रेघा जागच्या जागी, फॉन्ट शहाण्यासारखा. काकूने टेबल फिरवून घेतलं, दारातून पडदा दिसू नये म्हणून, आणि संध्याकाळपर्यंत टाइप करत राहिली.

शनिवारी सकाळी ती शेवटचं पान तपासत होती, तेवढ्यात धाकटी खाली आली. चेहरा एवढासा.

“वहिनी, माझं ऑफिस बंद पडलं हो. पहिला महिनाच फुकट होता म्हणे. आता नुसतं वाचता येतं, लिहिता येत नाही. सरांनी हा पेपर मलाही दिला होता... असू दे म्हणून.”

“तुलाही?”

“हो. तुमचं ते फुकटचं कुठलं, सांगता?”

पेनड्राइव्ह टेबलावरच होता. ‘ते चिमुकलं घे, फार छान आहे’ एवढंच म्हणायचं होतं; काकूचे ओठ हललेही.

“बस जरा,” काकू म्हणाली. “हात मोकळा करते.” शेवटचं पान तिने दोनदा तपासलं, पेपर सरांना पाठवला, पोचला का तेही पाहिलं. मग पेनड्राइव्ह उचलला. “चल वर.”

तिने पहिलंच ऑफिस चढवून दिलं, सगळ्यात नवं. ते लॅपटॉपवर लोण्यासारखं बसलं आणि अपूर्णांक रांगेत उभे राहिले. काकू पडद्याकडे बघत होती, बघतच होती. तेवढ्यात फोन वाजला.

“पेपर झकास. काय? वर्षभराचं काम तुमचंच. काय?”

“बरं,” म्हणून काकूने फोन ठेवला. धाकटीला काही सांगितलं नाही. लॅपटॉपला कान लावला.

“हे आवाजसुद्धा करत नाही गं?”

“नाही वहिनी.”

“मग चालू आहे हे कळतं कसं?” काकू म्हणाली आणि दाणदाण जिना उतरली.