पायलीभर लापशी

पुंजाआबांच्या जीपला मी आजवर इतक्या शिव्या दिल्यात, की तेवढ्या बायकोला दिल्या असत्या तर ती केव्हाच माहेरी निघून गेली असती. राहुरीत माझं गॅरेज आहे. नव्या गाड्या येतात, दुरुस्त होतात, जातात. लष्कराच्या लिलावात घेतलेलं आबांचं हे धूड मात्र उन्हाळा आला की दारात हजर. "रामहरी, फोर-व्हील लागंना गड्या," म्हणत आबा उतरतात. सत्तरीच्या माणसाला चारही चाकांची ताकद हवी कशाला? तर बेटावर जायला.

मुळा धरणाचं पाणी खूप खाली गेलं की फुगवट्याच्या मधोमध वाळूचा एक लांबट उंचवटा उघडा पडतो. तिथं आबांचं जुनं गाव होतं. धरण झालं तेव्हा माणसं उठली, गुरं उठली, पण म्हसोबा उठला नाही. देव हलवायला त्याचा कौल लागतो, आणि तो काही मिळाला नाही. हट्टी देवाला भक्तही हट्टीच भेटले. पाणी हटलं की भावकीनं त्याच्याकडे जायचं आणि पायलीभर, म्हणजे चार शेर, गव्हाची लापशी तिथंच शिजवून तिथंच संपवायची. बेटाबाहेर कण न्यायचा नाही. उरलीच तर देवापुढं पुरायची, पण आबांच्या आठवणीत तशी वेळ कधी आली नव्हती. उलट खरवडीसाठी पोरं एकमेकांच्या झिंज्या धरायची.

मधली काही वर्षं पाऊस चांगला झाला, बेट वर आलंच नाही, तरी आबा दर उन्हाळ्यात जीप तयार ठेवायचे. तेवढ्या काळात आबांच्या पत्नी विजयमालाबाई गेल्या, भाऊ गेला, पुतणे चाकणला कंपनीत लागले, लेक मोनिका सुरतेला दिली. या वर्षी बेट उघडं पडल्याचं कळलं तेव्हा आबा पोरासारखे हरखले. पुण्याचा मुलगा कल्याण म्हणाला होता, सगळ्यांना गोळा करून आणतो. त्यांच्या गाड्या चिखलात चालणार नाहीत, म्हणून काठावरून जीपनं खेपा करायचं ठरलं. जीपच्या फोर-व्हीलच्या दांड्यावर माझा भरवसा नव्हता, म्हणून मीही बरोबर गेलो.

काठावर ऊन चढेपर्यंत वाट पाहिली. मग कल्याणचा फोन आला. आबांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

"आबा, नाही जमत. पोरांचे क्लास आहेत, आणि चाकणच्यांना सुट्टी नाही मिळाली. तुम्ही उरकून घ्या ना. थोडंसंच करा, पायलीभर कशाला?"

"बरं. सांभाळून ऱ्हा," एवढंच म्हणून आबांनी फोन खिशात टाकला.

मला कल्याणचा राग आला. रस्ता नीट असता तरी हा आला नसता, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण बापापुढं त्याच्या लेकाला काय बोलणार? म्हणालो, "आबा, निम्मंच शिजवू. कोन बघतंय?"

"माप कमी केलं म्हंजी घर कमी झालं," आबा म्हणाले. "आसं म्हसोबाच्या तोंडावर सांगू व्हय?"

चाकांतली हवा कमी केली, दांडा दाबला. शपथ घेऊन सांगतो, पहिल्या झटक्यात लागला. वरून वाळलेला, आतून लिबलिबीत गाळ ओलांडून जीप गुरगुरत वाळूवर चढली. तिथं ना झाड, ना सावली, ना कुणाच्या पायाचा ठसा. आलो ती गाळाची पट्टी सोडली तर चहूकडं पाणी चमकत होतं आणि वारा कानात घोंघावत होता.

पाण्यानं नवी वाळू आणून टाकलेली. म्हसोबा तिच्याखाली कुठंतरी. तो शोधायला आबा अख्खं बेट पालथं घालू लागले. दोनदा चाकं रुतली, दोनदा फावड्यानं वाळू उपसली. मान बाहेर काढून आबा दाखवत होते, "ही आमची चावडी. हितं थोरल्या आईचं घर. ह्या गल्लीत मी पडल्तो." मला शिंपल्यांशिवाय काही दिसत नव्हतं. "व्हय, व्हय," म्हणत राहिलो. शेवटी विहिरीच्या कठड्याचा एक तुकडा दिसला. त्याच्या बाजूला आबांनी पहार खुपसली. ठक्क! वाळू बाजूला सारली तर खाली म्हसोबाचा तांदळा, बिनचेहऱ्याचा गोल दगड.

शेंदूर लावला, तीन दगडांची चूल मांडली. लापशी शिजल्यावर आबांनी पत्रावळी काढल्या आणि एकामागं एक मांडत सुटले. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर दगड ठेवला. त्या पंगतीच्या टोकाला एकटेच जेवायला बसले. मी जीपच्या सावलीत माझ्या भाकरीचं फडकं सोडलं. नैवेद्य भावकीचा, मी परका.

"रामहरी, ये. बस हितं," आबांनी हाक मारली.

"आबा, मी कुठं भावकीतला?"

"म्हसोबाला काय आडनाव वाचता येतंय? ये."

पोट फुटेपर्यंत जेवलो. आबाही खात राहिले, घामानं भिजले, तरी खात राहिले. पातेल्यातली लापशी म्हणावी तशी हललीच नाही. ऊन कलायला लागलं, तेव्हा आबा उठले आणि जीपमधलं फावडं घेऊन देवापुढं खणू लागले. मी फावडं घ्यायला गेलो तर देईनात.

"आमच्या घरचं हाय. मीच पुरतो."

कोमट लापशीवर वाळू पडत होती. मला बघवेना. मी रडलो, लाज कसली. आबा रडले नाहीत. खड्डा बुजवून त्यांनी वाळू हातानं सारखी केली आणि देवापुढं उकिडवे बसले.

"बाबा, घर कमी झालं आमचं," ते म्हणाले. "फुडल्या येळेला शेरभरच आनतो. मी आन् ह्यो रामहरी, दोगंच."