कातरीनला नाव देणाऱ्या राऊतबाई

आदरणीय सुमतीबाई राऊत यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्यांच्या गौरवग्रंथासाठी मी लिहावे, असे समितीने कळवले, तेव्हा आनंदाआधी धास्तीच वाटली. हा लेख बाई वाचणार आणि वाचताना त्यांच्या हातात तांबडी पेन्सिल असणार, हे मला पक्के ठाऊक आहे. तरीही लिहिते आहे, कारण त्यांच्या कादंबरीची मुद्रणप्रत माझ्या हाताने तयार झाली आणि ती कशी घडली हे जवळून पाहिलेली मी एकटीच आहे.

बाईंची पहिली ओळख आठवीत, इतिहासाच्या तासाला झाली. वसईच्या वेढ्याचा धडा होता. फिरंग्यांचा पाडाव झाला, हे वाक्य आले आणि वर्गातल्या मुली वळून माझ्याकडे पाहू लागल्या. माझ्या बाकावर आम्ही तिघी ख्रिस्ती घरांतल्या होतो. मी मान खाली घातली. एका मुलीने अगदी साधेपणाने विचारले, "बाई, म्हणजे सेलीनचे लोक हरले ना?"

बाईंनी पुस्तक मिटले. "सेलीन, तुझं गाव कोणतं?"

"गास, बाई."

"माझं निर्मळ. चालत किती वेळ लागतो?"

"अर्धा तास."

"मग त्या अर्ध्या तासात शत्रूची हद्द नेमकी कुठे लागते, ते उद्या येताना बघून ये आणि वर्गाला सांग."

वर्ग हसला, मीही हसले. दुसऱ्या दिवशी मला काहीच सांगावे लागले नाही. मधल्या सुट्टीत ती प्रश्न विचारणारी मुलगीच माझ्या डब्याशी येऊन बसली.

मॅट्रिक झाल्यावर एक दिवस बाईंनी बोलावून घेतले. "तुझं अक्षर चांगलं आहे. माझी कादंबरी उतरवून देशील?" बाई कादंबरी लिहीत आहेत, हे शाळेत कुणालाच माहीत नव्हते. वसईच्या वेढ्यावरची ती कादंबरी त्यांनी सहा वर्षे खपून जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर लिहिली होती. बाईंची शाळा सुटल्यावर मी निर्मळला जात असे. ओटीवर बाई स्वयंपाकाची भाजी निवडत बसत आणि मी उतरवत असे. मागे केळींना पाणी सोडल्याचा आवाज येई. ते दिवस आठवले की अजूनही बोटांना शाईचा वास येतो.

कादंबरी वेगवान होती. बुरूज, सुरुंग, खलबते, घोडी, सगळे डोळ्यांसमोर उभे राही. पुण्याच्या एका प्रकाशकांनी ती स्वीकारलीही होती. छापण्याआधी ती गावच्या लोकांना ऐकवायची, असे बाईंनी ठरवले. आणीबाणी नुकतीच उठली होती आणि माणसे पुन्हा मोकळेपणी एकत्र बसू लागली होती. वाचनालयाच्या पडवीत दर रविवारी दुपारी वीस-पंचवीस जण जमत. वाडीवाले, दोन-तीन शिक्षक, चर्चमधली मिस्सा आटोपून आलेले माझे वडील.

पडवीच्या पायरीवर राजोडीच्या, मासळी विकणाऱ्या मार्थाबाईही बसत. बाजार आटोपून, रिकामी टोपली शेजारी ठेवून. सुरुवातीला त्या सावलीसाठी बसत असाव्यात. मग वाचन संपेपर्यंत थांबू लागल्या.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी तोफांच्या माऱ्याचे प्रकरण होते. त्यात एक वाक्य होते: 'विहिरीवरून पाणी घेऊन जाणारी एक बाई गोळा लागून कोसळली आणि तटावरच्या गोलंदाजांनी पुन्हा बत्ती दिली.' बाई पुढे वाचत गेल्या. मार्थाबाईंनी हात वर केला.

"बाई, येक इचारू? ती पानी कोनासाठी नेत होती?"

बाई थांबल्या. "किल्ल्यात अडकलेल्या माणसांसाठी असेल."

"कोन मानसं? तिची पोरं होती का थय?"

"ते मी लिहिलेलं नाही, मार्थाबाई."

"नाव काय तिचं?"

"नाव नाही."

मार्थाबाईंनी जरा वेळ विचार केला. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "नाव नाय, तर ती मेली हे घरी कोन जाऊन सांगल?"

बाईंनी पुढचे पान उलटले, पुन्हा मागे आणले आणि म्हणाल्या, "आज इथेच थांबू या."

इथे मी माझी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ते वाक्य मी स्वतः उतरवले होते. विहिरीवरची ती बाई आमच्यातली, माझ्या गावाकडची असणार, हे मला लिहितानाच कळले होते. मी थबकले होते, आणि तरीही पुढे गेले होते. बाईंनी लिहिले आहे म्हणजे बरोबरच असणार, असे मानून मी गप्प बसले. मार्थाबाई बसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी गेले तर बाई पत्र लिहीत होत्या. कादंबरी परत मागवण्याचे. मी रडकुंडीला आले. "बाई, एका वाक्यासाठी? नाव घालून टाका ना. मी आत्ता दुरुस्त करून देते."

"नाव घालून भागत नाही गं," बाई म्हणाल्या. "आठवीत तुला वाट बघून यायला सांगितलं, आणि मी स्वतः ती वाट चाललेच नाही. सहा वर्षं मी तटावरच उभी होते. खाली कोण राहत होतं, मला माहीतच नाही."

प्रकाशकांचे उत्तर चार ओळींचे होते. छपाईचे खिळे जुळवायला घेतले आहेत, आता परत नेणार असाल तर पुन्हा पाठवू नये. बाईंनी ते पत्र घडी करून पेटीत ठेवले आणि त्यावर पुन्हा कधी बोलल्या नाहीत. त्या आठवड्यात बाई शाळेत वर्गाला दोनदा विनाकारण रागावल्या होत्या, असे नंतर तिथे शिकणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीने सांगितले. बाई दुखावल्या होत्या, याचा एवढाच पुरावा.

मग अडीच वर्षे आम्ही दोघी फिरलो. सुट्टी मिळाली की बाई छत्री आणि वही घेऊन निघत. राजोडीत मार्थाबाईंच्या घरी, पूर्वेला चांदीपच्या शेतांवर, गासला आमच्या वाडीत. वेढा कुणी पाहिलेला नव्हता, पण पाणी सगळ्यांनी भरलेले होते. बाई तेच विचारत. भरलेला हंडा घेऊन धावता येते का? दचकले तर आधी काय सांडते? राजोडीच्या विहिरीवर त्यांनी स्वतः डोक्यावर हंडा घेतला. वीस पावलांत निम्मे पाणी पाठीवर. बायका खो खो हसल्या. मार्थाबाई मात्र गंभीरपणे शिकवत होत्या. "बाई, पान्याकडं बगू नका. समोर बगा." ओल्या लुगड्याने बाई पुन्हा विहिरीकडे वळल्या, आणि तिसऱ्या खेपेला घरापर्यंत पोचल्या.

मार्थाबाईंनी आपल्या आईचे नाव देऊ केले. त्या बाईचे नाव कातरीन झाले. तिला दोन मुली झाल्या, एक तापट सासू झाली, तिला आंबट कैरी फार आवडू लागली. वेढा तोच राहिला, फौजा त्याच राहिल्या. फक्त आता तोफ उडाली की वाचणारा तट बघत नसे, कातरीन कुठे आहे ते शोधत असे.

नव्या कादंबरीचे वाचन चर्चच्या आवारातल्या हॉलमध्ये झाले. आधी माझ्या वडिलांना ते नको होते. "आपल्याबद्दल दुसऱ्यांनी काय लिहायचं?" असे ते म्हणत. तरी पहिल्या रांगेत येऊन बसले. विहिरीचे प्रकरण आले. कातरीन पडल्यावर तिची थोरली मुलगी आधी हंडा सरळ करते आणि मग आईकडे वळते. वडिलांनी चष्मा काढला. त्यांच्या शेजारी निर्मळचे गोविंदराव बसले होते. त्यांच्या घरात पूर्वजांची तलवार आहे आणि ती ते येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने दाखवतात. वाचन संपल्यावर ते बाईंजवळ आले. "बाई, आमची फौज आत शिरणार म्हणून मी वाट बघत होतो. आणि ऐनवेळी मनात म्हणालो, जरा थांबा रे, ती पाणी घेऊन घरी तर पोचू दे."

बाईंनी त्यांना शेजारची खुर्ची ओढून दिली.

कादंबरी मुंबईच्या एका लहान प्रकाशकाने काढली. कौतुक झाले, टीकाही झाली. एका गावच्या व्याख्यानात एक गृहस्थ उभे राहून म्हणाले, "तुम्ही विजयाचा सण असताना शत्रूच्या घरी रडायला गेलात." सभा अस्वस्थ झाली. बाईंनी पाण्याचा घोट घेतला आणि शांतपणे विचारले, "आपण कादंबरी वाचलीत का?" त्यांनी नाही म्हटल्यावर बाईंनी आपली प्रत त्यांना दिली. महिन्याने ती टपालाने परत आली. सोबत चिठ्ठी नव्हती, पण शेवटच्या प्रकरणात बसचे तिकीट खुणेला ठेवलेले होते. बाईंना तेवढे पुरले.

मार्थाबाईंना वाचता येत नव्हते. म्हणून बाई एक पूर्ण उन्हाळा राजोडीला जात राहिल्या आणि बोंबील वाळत घातलेल्या अंगणात त्यांनी सबंध पुस्तक वाचून दाखवले. मी एकदा बरोबर होते. मार्थाबाई मधेच म्हणाल्या, "हितं खोटं हाय, सून असं बोलत नाय." बाईंनी तिथल्या तिथे समासात खूण केली. दुसऱ्या आवृत्तीत सून वेगळे बोलते.

माझ्या डी.एड.च्या वर्षी आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी शिक्षण सोडायला निघाले होते. बाई दर गुरुवारी आमच्याकडे येऊ लागल्या. आईजवळ बसत, तिला पेज भरवत आणि मला कॉलेजला पिटाळत. आई गेली त्या दिवशी आमच्या घरातल्या बायकांबरोबर गुडघे टेकून त्यांनी रोझरीची प्रार्थना म्हटली. शब्द त्यांना पाठ होते. कधी पाठ केले, ते मी विचारले नाही.

आता बाई निवृत्त आहेत. सातिवलीकडे कारखाने उभे राहिले, वाड्या विकल्या जात आहेत, आमच्याकडच्या कित्येक विहिरी बुजल्या. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी लिहायला मनाई केली आहे आणि बाईंनी ती जुमानलेली नाही. मिठागरातल्या माणसांवर नवी कादंबरी सुरू आहे. गेल्या महिन्यात गेले तर त्यांनी सात पाने माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "उतरवू नकोस. आधी वाच. आणि कुठे थबकलीस तर या वेळी सांग."

मी दोन ठिकाणी थबकले. दोन्ही सांगितली. बाई एकावरून माझ्याशी तासभर भांडल्या आणि दुसऱ्यावरून त्यांनी पान फाडले.

बाई, आपले डोळे निकोप राहोत, पाय फिरते राहोत. आपल्या शंभरीपर्यंत आम्हाला आपल्याशी असेच भांडता येवो.