डाव्या हातानं बांधलेलं खुराडं

परसातल्या खुराड्यावर सकाळचं ऊन पडलं, की दारावरचे वाकडे खिळे चमकायला लागतात. सरळ बसलेला खिळा तिथं शोधावा लागेल. पण ते खुराडं मी बांधलंय, म्हणून मला ते बघत बसायला आवडतं.

गेल्या वर्षी अर्धांगवायूनं माझा उजवा हात गेला. त्यातच मुंगसानं जुन्या खुराड्यात शिरून तीन कोंबड्या मारल्या. मुलगा म्हणाला, "आई, उरलेल्या विकून टाकू. तू आता आराम कर."

तो मायेनंच बोलला. पण माणसं अशी काळजीपोटी आपल्या हातातलं एकेक काम काढून घेतात, आणि मग धड असलेला हातही लुळा पडायला लागतो.

तो कामावर गेल्यावर मी अडगळीतल्या फळ्या ओढून काढल्या. फळी गुडघ्याखाली दाबायची, कणकेच्या गोळ्यात खिळा उभा करायचा आणि डाव्या हातानं हातोडी मारायची. बारा दिवस लागले. मुलगा रोज संध्याकाळी येऊन बघायचा आणि आत जायचा.

शेवटी म्हणाला, "दार तिरकं झालंय. सुताराला बोलावतो."

"कोंबड्या आत जातात, मुंगूस जात नाही. सुतार कशाला?"

"आणि विकायचं काय ठरलं?"

मी त्याला वाकून आत बघायला लावलं. कोपऱ्यातल्या टोपलीत खुडूक कोंबडी अंग फुगवून बसली होती. तिच्याखाली मी अकरा अंडी उबवायला ठेवली होती.