मनोहरभाऊंच्या कॅमेऱ्याला भोक पाडू नका

मनोहरभाऊंच्या सत्काराच्या अंकासाठी लेख पाठवायला फार उशीर झाला, त्याबद्दल गौरव समितीने आणि वाचकांनी क्षमा करावी. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चार ओळी लिहिल्या की दोन खोडाव्याशा वाटतात. त्यात मध्येच एक बातमी कानावर आली आणि जीव थाऱ्यावर राहिला नाही.

मनोहरभाऊंची पहिली भेट सिंदी रेल्वेच्या त्यांच्या स्टुडिओत झाली. मी समुद्रपुरात लग्नाचे फोटो काढायला नुकती सुरुवात केली होती आणि जुना कॅमेरा घ्यायला गेलो होतो. त्यांनी टेबलावर दोन ठेवले, एक रशियन, एक जपानी. मी चकचकीत दिसला म्हणून रशियन उचलला.

"डोये मीट," ते म्हणाले. "आता दोन्हीची रोल सरकवाची लिव्हर ओढून पाह्य."

रशियन करकरत गेला आणि शेवटी अडला. जपानी एका दमात, मऊ गेला.

"मजबूत दोन्ही हायेत. रशियन पडला तर फरशी फुटन! पण त्याच्या आत सफाई नाई. जपान्याचं आतलं चाकही बाहेरच्यासारखं घासलेलं हाय."

विकायचा होता रशियन. जपानी त्यांचा स्वतःचा होता. तरी खरे तेच सांगितले.

पुढे आंजीच्या एका लग्नात, ऐन मंगलाष्टकांत, माझ्या कॅमेऱ्याचे शटर अडकले. मनोहरभाऊ तिथे पाहुणे म्हणून आले होते. त्यांनी आपल्या गळ्यातला जपानी काढून माझ्या गळ्यात घातला. "काढ फोटो. मी जेवून घेतो," एवढेच बोलले. ही गोष्ट त्यांनी पुढे कधी कोणाजवळ काढली नाही.

त्या जपानी कॅमेऱ्याच्या कोपऱ्याला वरातीतल्या घोडीच्या लाथेचा पोचा आहे. लाथ खाऊनही त्याने उरलेली वरात टिपली. मागून आलेले प्लास्टिकचे कॅमेरे सेल संपला की मान टाकत. हा सेलाशिवाय चालतो. मनोहरभाऊ आजही नागपूरहून रोल आणवतात आणि दिवाळीला शेजाऱ्यांचे फोटो काढतात. रोल नसला तरी रोज सकाळी शटर चालवतात, आतली स्प्रिंग आखडू नये म्हणून.

आणि समितीने ठरवले काय? तो कॅमेरा त्यांच्याकडून मागून न्यायचा आणि सागवानी फळीवर ठोकून, खाली पितळी पट्टी लावून सत्कारात त्यांनाच द्यायचा! लेखाची आठवण द्यायला फोन आला, तेव्हा समितीतले एक गृहस्थ कौतुकाने सांगत होते, "सुताराले देऊन टाकला, काका. खालून भोक पाडून पक्का बसवतो."

"अरे, चालू हाय तो!"

"आता कोण रोल टाकते, काका?"

मनोहरभाऊंना विचारले तर म्हणाले, "लोकं प्रेमानं करून राह्यले, गजाननभाऊ. नाई कसं म्हणू?"

त्यांना नाही म्हणता येत नाही, म्हणून मी म्हणतो. चालत्या यंत्राच्या पोटात ड्रिल घालणे हा कसला गौरव? तळाच्या पत्र्याला लागूनच दातेरी चाके आहेत. आणि स्टँडवर बसवण्यासाठी कारखान्याने तळाला आट्यांचे भोक दिलेलेच आहे. फळीचा स्क्रू त्यात बसवा. म्हणजे घरी गेल्यावर मनोहरभाऊंना कॅमेरा सोडवून घेता येईल.

मनोहरभाऊंना भरपूर आयुष्य मिळो, तब्येत ठणठणीत राहो, आणि रोज सकाळी त्यांच्या अंगठ्याला ती लिव्हर लागो. लेख छापा, नका छापू. पण हे वाचताच आधी सुताराकडे जा. भोक पडले की नाही, तेवढे मला लगेच कळवा. मला चैन नाही.