खांबातला आवाज

आमच्या कॉलेजच्या आवारात कुणाची सायकल चोरीला गेली, कुणाला चक्कर आली, एखाद्या प्रयोगशाळेतून धूर निघाला, की पहिला फोन जातो कंट्रोलरूमला. रूम कसली, लायब्ररीच्या जिन्याखालची खोली ती. खिडकीचा पत्ता नाही. भिंतीवर गेट आणि इमारतींच्या दारांवरच्या कॅमेऱ्यांचे पडदे, टेबलावर फोन, वायरलेस, आणि टेबलाशी आमची कंट्रोलबाई. तिचं खरं नाव तिच्या ओळखपत्रावर आहे, पण ते नेहमी उलटं लटकलेलं असतं आणि सरळ करून वाचायची तसदी कुणी घेतलेली नाही.

मी गेटवरची गार्ड. मला सगळे फटाकडी म्हणतात, आणि उगाच म्हणत नाहीत. एखादा दीडशहाणा ओळखपत्र न दाखवता आत घुसला की माझं डोकं सटकतं. कंट्रोलबाई अगदी उलट, तिचा आवाज चढलेला कधी कुणी ऐकला नाही. फोन उचलला की ठरलेलं वाक्य, "कंट्रोल. तुम्ही कुठे आहात?" काय झालं ते नंतर. मध्येच लाइन तुटली तरी माणूस सापडला पाहिजे ना! ही सवय इतकी अंगात मुरलेली, की भावाचा फोन आला तरी तेच. भाऊ लांबच्या गावी राहतो. तो म्हणायचा, "अगं ताई, घरात आहे, आणखी कुठे असणार?" आणि तेवढ्यावरच फोन संपायचा.

एकटीच राहायची. लग्न का केलं नाही, हे विचारायची छाती माझ्यासारख्या तोंडाळ बाईलाही झाली नाही. आई होती तोवर घरी कुणीतरी वाट बघायचं. आई गेल्यावर ड्यूटी संपली तरी ही खुर्चीतच. पुढच्या पाळीचा माणूस येऊन "उठा बाई आता" म्हणाला की मगच पर्स उचलायची.

दिवसभर माणसं तिच्याशी बोलणार, आणि सगळी स्वतःच्या संकटाबद्दल. कुणीतरी मागे लागलंय म्हणून एखादी पोरगी रडत फोन करायची. "समोर दुकान दिसतंय? आत जाऊन उभी राहा. फोन ठेवू नकोस, मी आहे," असं म्हणत ही तिला धरून ठेवायची. गार्ड पोचला की पोरगी फोन ठेवायची, खट्. पुढे काय झालं, कोण सांगतंय हिला? सगळ्यांना आपापली घाई. मी कधीतरी मुद्दाम जाऊन सांगायची, "ताई, ती पोचली हं नीट खोलीवर." तिचा चेहरा असा काही खुलायचा की मलाच कसंतरी व्हायचं.

आवारात जागोजागी लाल बटणाचे खांब आहेत. अडीनडीला बटण दाबायचं की थेट कंट्रोलबाई. खांबाला भोंगा आहे, त्यातून तिचा आवाज येतो. दर सोमवारी सकाळी वायरमन हे खांब तपासत फिरायचा. त्याने बटण दाबून "टेस्टिंग" म्हणायचं, तिने "ऐकू आलं" म्हणायचं, की पुढचा खांब. काम एवढंच. पण वर्षं सरत गेली तसं त्या "टेस्टिंग"ला शेपूट फुटलं. "टेस्टिंग. तळ्यावर बगळे उतरलेत, कंट्रोलबाई." "टेस्टिंग. गणिताच्या सरांनी आज दोन पायांत दोन वेगळे बूट घातलेत, आणि ऐटीत चाललेत बघा." ही खुदकन हसायची. बिनखिडकीच्या खोलीत तिला बाहेरचं जग कळायचं ते असं, सोमवारी, खांबाखांबाने.

खांबाची दुरुस्ती निघाली की काढलेले स्क्रू दातात धरायची त्याची खोड. मग "टेस्टिंग"चं नुसतं "ऊं ऊं" व्हायचं. ही दटावायची, "आधी तोंडातले स्क्रू काढा! गिळाल एखाद दिवशी."

आता तुम्हाला वाटेल, समोरासमोर तर दोघं किती गप्पा मारत असतील. छे! गेटवर गाठ पडली की तो बुटांकडे बघायचा, ही पर्सचा पट्टा सारखा करायची. "येते." "बरं." संपलं! एकदा मी न राहवून म्हटलं, "अहो, चार शब्द बोला की, पैसे पडतात का?" दोघंही कानापर्यंत लाल. त्याला बायको होती, मुलगा-सून होती. वाकडं कुणाच्याच मनात नव्हतं, हे मी कुठेही छातीठोक सांगेन.

त्या सोमवारी मी वायरलेसची बॅटरी बदलायला कंट्रोलरूममध्ये गेले होते. टेबलावरच्या दिव्यांच्या पाटीवर मैदानामागच्या खांबाचा दिवा लागला आणि आवाज आला, "ऊं... ऊंग..."

"काढा ते स्क्रू आधी!" ही हसत म्हणाली.

पुन्हा तसंच, जरा लांबलेलं.

"ऐकू आलं हो, जा पुढे." तिने लाइन बंद केली आणि मला म्हणाली, "ऐकत नाही बघ अजिबात."

मी माझ्या लेकीच्या शाळेचं काहीतरी रडगाणं सुरू केलं. ती हो हो करत होती, पण डोळे दिव्यांच्या पाटीवर. मध्येच तिने हात वर करून मला गप्प केलं.

"पुढचा खांब आला नाही."

"गेला असेल चहा प्यायला."

"आज दुरुस्ती नव्हती गं. नुसती तपासणी होती." तिच्या तोंडावरचा रंगच उडाला. "मग तोंडात स्क्रू कुठून येतील?"

तिने आपल्या बाजूने तो खांब सुरू केला. "कंट्रोल. बोला. काय होतंय तुम्हाला?" उत्तर नाही. लक्ष देऊन ऐकलं तर जड, घरघरणारा श्वास. "पळ तू," ती मला म्हणाली, "ॲम्ब्युलन्स मी बोलावते."

मी स्कूटर काढली ती सुसाट. मैदानाला वळसा घालेपर्यंत तिचा आवाज कानावर यायला लागला. खांबाचा भोंगा पूर्ण आवाजात चालू होता. खेळणारी पोरं खेळ थांबवून इकडेतिकडे बघत होती, कोण बोलतंय म्हणून. वायरमन खांबाच्या पलीकडच्या अंगाला, झुडपाआड कोसळला होता. तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं, उजवा हात लुळा. डोळे मात्र उघडे होते.

आणि वरून ती बोलत होती. "झोपू नका हं. गाडी निघालीय. मला वाटलं स्क्रू आहेत हो तोंडात. चुकलं माझं. काहीतरी बोला ना. बगळे आलेत का सांगा. नुसतं हूं म्हणा. अहो, आठवडाभर माझ्याशी कुणी बोलत नाही. तुम्ही एकटेच बोलता. तुम्ही गप्प झालात तर मी काय करू?"

सगळ्या मैदानाने ऐकलं. एरवी कशालाही फिदीफिदी हसणारी ती पोरं, पण एकही हसलं नाही. "ताई, मी पोचले," मी खांबाशी तोंड नेऊन म्हटलं.

मग तिचा नेहमीचा आवाज आला, "ठीक. त्यांना कुशीवर वळव. श्वास नीट चाललाय का ते सांग."

वाचला तो. अर्धांगाचा झटका होता. वेळेत आणलंत म्हणून जीव तरी राहिला, असं डॉक्टर म्हणाले. मी पळत जाऊन कंट्रोलबाईला सांगितलं. तिने खुर्चीतच डोळे मिटून घेतले. भेटायला मात्र यायला तयार नाही. "नको गं, त्यांची घरची माणसं असतील तिथे." शेवटी तिच्या सुट्टीच्या दिवशी मीच तिला हाताला धरून दवाखान्यात नेलं.

वायरमनचा नुकताच डोळा लागला होता. बायको खाटेशी बसली होती, सून डबे आवरत होती. बायकोने विचारलं, "आपण कोण?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात कंट्रोलबाईने माझ्या दंडाला कचकन चिमटा काढला. "ऑफिसातून आलोय," ती म्हणाली.

"बसा ना." बाई साधी होती बिचारी. थकलेली होती आणि बोलायला माणूस मिळालं होतं. "चालतील म्हणतात हळूहळू, काठी घेऊन. वाचा मात्र गेली ती गेलीच. पण खरं सांगू का, आम्हाला त्याचं एवढं काही नाही. हे मुळातच अबोल. लग्न झाल्यापासून कधी आपणहून दोन वाक्यं बोललेले मला आठवत नाहीत. भाजी वाढू का विचारलं तरी मान हलवायचे. ही सून तर पहिल्या वर्षी मला विचारायची, आई, बाबा माझ्यावर रागावलेत का म्हणून."

सून ओशाळून हसली. "खरंच वाटायचं मला तसं."

"हातपाय चालले की बास," बायको म्हणाली. "बोलणं काय, आमच्या घरात नव्हतंच ते."

मी कंट्रोलबाईकडे बघितलं. तिने खाटेची कड घट्ट धरली होती. "हो का," ती म्हणाली. मग, "येते मी. ड्यूटी आहे."

कसली ड्यूटी आणि कसलं काय! वॉर्डच्या बाहेर ती माझ्यापुढे भराभर चालत सुटली. जिन्यापाशी आली आणि पायरीवर मटकन बसली. ओढणीचा बोळा तोंडात कोंबून हमसून हमसून रडली. मी शेजारी बसले आणि तिची पडलेली पर्स उचलून मांडीवर घेतली.

जिना चढणारी एक म्हातारी आमच्यापाशी थांबली. खाली वाकून तिने कंट्रोलबाईच्या खांद्यावर हात ठेवला. "कुणी गेलं का गं तुझं?"

कंट्रोलबाईने डोळे पुसले आणि मान हलवली. "नाही हो आजी," ती म्हणाली. "माझं कुणी नाही इथे."